रिकाम्या हातांनी परतायची तयारी

जानेवारी २०१६ च्या पहिल्या आठवड्यात कोलोरॅडोतला ५४ वर्षांचा एक माणूस न्यू मेक्सिको राज्यात, सांता फे शहराच्या पश्चिमेला, रिओ ग्रांदे नदीच्या पात्रात उतरला. नुकताच विकत घेतलेला हवेचा तराफा, अंगात पाण्यात वापरायचा रबरी सूट आणि सोबतीला एक छोटा पांढरा कुत्रा. एका कवितेचा अर्थ आपल्याला लागला आहे आणि याच नदीच्या काठी सोन्याने भरलेली पेटी आहे, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नव्हती. तो कुठून कुठवर जाणार आणि केव्हा परतणार, हे मात्र दुसऱ्या कुणाला नीटसं ठाऊक नव्हतं. त्यामुळे तो हरवल्याची तक्रार व्हायलाच आठवडा उलटून गेला. शोध सुरू झाल्यावर तराफा मिळाला, कुत्रा जिवंत मिळाला. माणसाचे अवशेष मिळाले ते थेट जुलैत, नदीच्या खालच्या अंगाला कोचिती तलावाच्या परिसरात. ज्या पेटीसाठी तो गेला होता, ती त्या नदीकाठी नव्हती. त्या राज्यातसुद्धा नव्हती.

पेटी फॉरेस्ट फेन यांची. फेन यांचा जन्म १९३० चा, टेक्सासमधला. व्हिएतनाम युद्धात लढाऊ वैमानिक, नंतर सांता फेमध्ये कलावस्तूंचे यशस्वी व्यापारी. १९८८ मध्ये त्यांना मूत्रपिंडाचा कर्करोग झाला, तेव्हा मौल्यवान वस्तूंची पेटी घेऊन डोंगरात जायचं आणि तिच्याशेजारीच देह ठेवायचा, असा बेत त्यांनी आखला होता. आजार बरा झाला, पण पेटीची कल्पना डोक्यातून गेली नाही. २०१० मध्ये त्यांनी आठवणींचं एक पुस्तक स्वतःच छापलं आणि त्यात २४ ओळींची एक कविता घातली. कवितेत नऊ खुणा आहेत, त्या क्रमाने सोडवल्या की थेट पेटीपाशी पोहोचता येईल, असं त्यांनी जाहीर केलं. पेटी ब्राँझची, दहा इंच लांब, दहा इंच रुंद, पाच इंच उंच. आत सोन्याची नाणी, अलास्कातली सोन्याची धूळ, सोन्याचे गड्डे, माणकं, पाचू, जुन्या अमेरिकी संस्कृतींमधल्या मूर्ती. सगळं मिळून वजन ४२ पौंड, म्हणजे साधारण १९ किलो. ठिकाण सांता फेच्या उत्तरेला रॉकी पर्वतात, समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांच्या वर आणि १०,२०० फुटांच्या खाली, एवढंच सांगितलेलं. पुढच्या दहा वर्षांत साडेतीन लाख लोकांनी हा शोध घेतला असावा, असा फेन यांचा स्वतःचा अंदाज होता. जून २०२० मध्ये पेटी सापडली, वायोमिंग राज्यात. तोवर पाच माणसं या शोधात मेली होती.

आडरानात खजिना शोधायला जाणाऱ्यांसाठी सुरक्षेचे सल्ले पुष्कळ लिहिले गेले आहेत. पाणी भरपूर घ्या, हवामान बघा, होकायंत्र ठेवा, अस्वलाचा स्प्रे विसरू नका. हे सगळं बरोबरच आहे, पण ते कुठल्याही डोंगरभटक्याला लागू पडतं. खजिना शोधणाऱ्याचा धोका थोडा निराळा आहे आणि तो सामानाच्या यादीत मावत नाही, असं मला वाटतं. सह्याद्रीत फिरणारा मुरलेला ट्रेकर कड्याखाली पोहोचला, वर धुकं उतरलेलं दिसलं, की म्हणतो, किल्ला कुठे पळून जात नाही, पुढच्या रविवारी येऊ. खजिन्याच्या बाबतीत हे वाक्य खोटं ठरतं. खजिना खरोखरच पळून जातो. तो एकदाच सापडतो आणि पुढच्या रविवारी दुसऱ्याच्या पिशवीत असू शकतो. म्हणून मागे फिरणं जड जातं. ट्रेकर कुठे जातोय ते घरी, गावात, पायथ्याच्या टपरीवर सांगून जातो. खजिन्यामागचा माणूस तेच लपवतो, कारण ठिकाण हेच त्याचं भांडवल. आणि ट्रेकर नकाशावरच्या वाटेने चालतो, तर हा अशा जागी जातो जिथे वाट नसणं हीच त्याच्या दृष्टीने चांगली खूण असते. डोंगरातल्या सुरक्षेचे जे तीन जुने नियम आहेत, वेळेत मागे फिरा, कुठे जाताय ते सांगून जा, वाट सोडू नका, ते तिन्ही मोडण्याचं सबळ कारण हा शोधच त्याच्या हातात देतो. या कारणांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: आपली उकल बरोबर आहे ही खात्री. तेव्हा अशा माणसाने घरून निघताना आपली उकल चुकलेली आहे असं धरून चालावं आणि सगळी तयारी त्या हिशेबाने करावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

हे म्हणणं पाचही मृत्यूंवर घासून पाहता येतं. पहिला वर सांगितलेला. जून २०१७ मध्ये, एकाच महिन्यात, आणखी तिघे गेले. एक जण यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तीव्र उतारावरून सुमारे पाचशे फूट कोसळला. दुसऱ्याची गाडी न्यू मेक्सिकोत ताओसच्या बाजूला उभी सापडली आणि देह रिओ ग्रांदेत. तिसरा कोलोरॅडोत आर्कान्सॉ नदीवर तराफा उलटून वाहून गेला. मार्च २०२० मध्ये पाचवा, युटा आणि कोलोरॅडोच्या सीमेवरच्या डायनॉसॉर नॅशनल मॉन्युमेंटच्या बर्फात. त्याचा जोडीदार कसाबसा वाचला. नकाशा उघडून बघा. पाचांपैकी चौघे वायोमिंगमध्ये नव्हतेच. आपल्याकडच्या गोष्टींत गुप्तधनावर नाग वेटोळं घालून बसलेला असतो आणि जो धनाला हात लावतो त्याला डसतो. इथे या चौघांना नाग भेटला तो धनापासून शेकडो मैल लांब. साडेतीन लाखांचा आकडा ढोबळ आहे हे मान्य, पण तो निम्मा केला, दहावा हिस्सा केला, तरी बरोबर उकल एकाचीच होती हे बदलत नाही. म्हणजे कुणाही शोधकाने निघण्यापूर्वी स्वतःच्या उकलीचा प्रामाणिक भाव ठरवायचा म्हटलं, तर तो हजारात एकही निघत नाही. इतक्या कमी शक्यतेसाठी माणूस जानेवारीत नदीत उतरत नाही. तो उतरतो, कारण त्याच्या मनात ती शक्यता शंभर टक्के झालेली असते.

खात्री पुराव्याचं काय करते, हे एका गोष्टीवरून फार स्वच्छ दिसतं. फेन यांनी पेटी लपवली तेव्हा ते ७९ किंवा ८० वर्षांचे होते. आपण गाडीपासून पेटीच्या जागेपर्यंत एकाच दुपारी दोन खेपा केल्या, असं त्यांनी सांगितलं होतं. ८० वर्षांच्या म्हाताऱ्याला जिथे जाता येणार नाही तिथे जाऊ नका, असंही ते वारंवार सांगत. हे शब्द नीट तोलून बघा. ८० वर्षांचा माणूस, कर्करोगातून उठलेला. एका खेपेला साधारण दहा किलो ओझं, म्हणजे घरातली गव्हाच्या पिठाची एक मोठी पिशवी. ते घेऊन जायचं, रिकामं परत यायचं, पुन्हा ओझं घेऊन जायचं, पुन्हा यायचं, आणि दुपार संपायच्या आत गाडी गाठायची. या हिशेबात दोराने उतरायचा कडा बसत नाही, तराफा बसत नाही, बर्फातली स्नोमोबाइल बसत नाही. एकूण अंतर फार तर दीडदोन किलोमीटरचं, तेही बऱ्या वाटेचं. कवितेतल्या नऊ खुणांपेक्षा हा एक पुरावा जास्त मोलाचा होता आणि सगळ्यांना फुकट मिळालेला होता. तरी लोकांनी त्याला वळसा घातला. म्हातारा काटक आहे, वैमानिक होता, त्याला कुणी मदत केली असेल, अशी स्पष्टीकरणं निघाली. २०१७ च्या मृत्यूंनंतर फेन यांनी आणखी स्पष्ट केलं, की पेटी पाण्याखाली नाही, रिओ ग्रांदेच्या जवळ नाही, मोठे दगड हलवावे लागत नाहीत, कडा चढावा किंवा उतरावा लागत नाही. त्यानंतरही, जानेवारी २०२० मध्ये, यलोस्टोनच्या खोल दरीत एक जण दोर लावून उतरला आणि अडकला; रेंजरांनी त्याला वर काढलं आणि पुढे त्याला पाच वर्षं उद्यानात यायला बंदी झाली.

हा रोग फेन यांच्या कवितेपुरता असता, तर पेटीबरोबर तो संपला असता. पण ॲरिझोनात, फीनिक्स शहराच्या पूर्वेला सुपरस्टिशन नावाच्या डोंगररांगा आहेत, तिथे तो शंभरावर वर्षं मुक्कामाला आहे. जेकब वॉल्ट्झ नावाचा एक जर्मन स्थलांतरित १८९१ मध्ये फीनिक्समध्ये वारला आणि मरताना त्याने आपल्या सोन्याच्या खाणीचा पत्ता सांगितला, अशी आख्यायिका उठली. खाण आजवर मिळालेली नाही. त्या डोंगरांच्या घडणीत सोनं असण्याची शक्यता भूशास्त्र जाणणाऱ्यांना फारशी वाटत नाही. १९३१ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनहून एक वयस्क, पायाने अधू गृहस्थ जुना नकाशा घेऊन तिथे गेले. डिसेंबरात त्यांची कवटी सापडली. जुलै २०१० मध्ये युटातून आलेले तिघे त्याच डोंगरांत गेले. जुलैत तिथे सावलीत चाळीस अंश सहज होतात. त्यांचे देह मिळाले जानेवारी २०११ मध्ये. त्या तिघांपैकी एकाला आदल्याच वर्षी त्याच भागातून बचाव पथकाने बाहेर काढलेलं होतं. आता पुन्हा डायनॉसॉरच्या बर्फाकडे या: मार्च २०२० मध्ये सापडलेल्या त्या दोघांनाही महिनाभर आधी त्याच परिसरातून सोडवून आणलेलं होतं. सुटका झालेला साधा वाटसरू घाबरतो आणि पुढची काही वर्षं त्या डोंगराचं नाव घेत नाही. खजिन्यामागच्याला मात्र सुटका हा अर्धवट राहिलेल्या कामातला व्यत्यय वाटतो. एकाच ठिकाणाहून दुसऱ्यांदा माणसं काढायची वेळ येते, तेव्हा नकाशा, पाणी आणि कपडे यांपलीकडच्या कारणाकडे बघणं भाग आहे.

माणूस असं का करतो, याचं एक साधं उत्तर १९८५ मधल्या एका प्रयोगात आहे, आणि आपल्याला ते पटकन कळावं, कारण प्रयोग नाटकाच्या तिकिटांचा होता. हॅल आर्क्स आणि कॅथरिन ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामी तिकीट घेणाऱ्यांपैकी काहींना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून, सवलत दिली. बाकीच्यांनी पूर्ण पैसे मोजले. हंगामाच्या पहिल्या सहामाहीत पूर्ण पैसेवाले जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच, खुर्च्या त्याच; फक्त खिशातून गेलेले पैसे वेगळे. खजिना शोधणाऱ्याने तर तीनचार वर्षांच्या संध्याकाळी, रजा, पेट्रोल आणि घरातली भांडणं एवढं मोजलेलं असतं. नदीकाठी उभं राहून पाणी जास्त आहे असं म्हणणं म्हणजे ती सगळी वर्षं पाण्यात गेली असं म्हणणं, असं त्याला वाटतं. वर्षं तशीही गेलेलीच असतात, पण काठावर उभं असताना हे सुचत नाही.

यावर पहिला आक्षेप आकड्यांचा, आणि तो हलका नाही. दहा वर्षांत साडेतीन लाखांत पाच म्हणजे सत्तर हजारांत एक. एवढी माणसं तर साध्या सहलींत जातात. मग खजिन्याला वेगळं कशाला काढायचं? या भागाकारात एक घोटाळा आहे. त्या लाखोंपैकी बहुतेकांनी शोध घेतला तो घरच्या खुर्चीत, नकाशे आणि संगणक पुढे घेऊन. प्रत्यक्ष डोंगरात किती गेले आणि किती दिवस राहिले, याची नोंद कुणी ठेवली नाही. त्यामुळे खरं प्रमाण सत्तर हजारांत एक याहून जास्त असणार. तरीही समजा ते कमीच आहे. मग काय? खजिना शोधणं हा भयंकर प्रकार आहे, तो बंद करा, असं मी म्हणतच नाही. पाच मृत्यूंचा आकडा लहान आहे, पण पाचही जण जवळजवळ एकाच तऱ्हेने सापळ्यात शिरले. अडचण ओळखता येण्यासारखी होती, मागे फिरायला वाव होता, आणि ज्या पुराव्याने मागे फिरवलं असतं तो हाताशी होता.

दुसरा आक्षेप असा, की दोष लावायचाच तर खेळ मांडणाऱ्याला लावा. २०१७ च्या मृत्यूंनंतर न्यू मेक्सिको राज्य पोलिसांच्या प्रमुखांनी फेन यांना हा शोध थांबवण्याचं जाहीर आवाहन केलं होतं. फेन थांबले नाहीत. इथे मी त्यांची बाजू घेणार नाही. लोकांना आडरानात धाडणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं की पेटी पाण्यापाशी नाही आणि कड्यावर नाही. चार माणसं गेल्यावर ते सांगणं उशिराचं. पण हा आक्षेप पुरता खरा मानला तरी शोधकाच्या हातात त्यातून काही पडत नाही. सुपरस्टिशनच्या खाणीला आवाहन कुणाला करायचं? वॉल्ट्झला जाऊन सव्वाशेवर वर्षं झाली. आख्यायिका मागे घेता येत नाही.

तिसरा आक्षेप अनुभवी मंडळींचा. आम्ही नवखे नाही, उपग्रहाशी बोलणारं यंत्र आमच्या पट्ट्याला अडकवलेलं असतं, असं ते म्हणतात. अनुभवाबद्दल इयन मॅकामन यांचं काम बघण्यासारखं आहे. त्यांनी १९७२ ते २००३ या काळात अमेरिकेत झालेल्या हिमप्रपाताच्या ७१५ अपघातांचा अभ्यास केला. ओळखीच्या डोंगरात, हिमप्रपाताचं प्रशिक्षण घेतलेल्यांनी पत्करलेला धोका प्रशिक्षण नसलेल्यांपेक्षा फारसा कमी नव्हता. ओळखीची जागा, आधीच ठरवून टाकलेलं उद्दिष्ट, आणि दुसरं कुणी आधी पोहोचेल ही धास्ती, अशा मनाच्या सवयी त्यांनी त्यामागे दाखवल्या. शेवटची सवय त्यांना ताज्या बर्फावर स्की करणाऱ्यांत दिसली. खजिन्याच्या शोधात तीच मुख्य इंधन असते. यंत्रांचं म्हणाल, तर ती जरूर घ्यावीत. ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश सोडणारा आपत्कालीन बीकन जगभर चालतो आणि त्याला महिन्याचं भाडं लागत नाही. २०२२ पासून काही मोबाइल फोनही थेट उपग्रहाला हाक देऊ शकतात. पण बटण दाबल्यापासून माणसं पोहोचेपर्यंत कित्येक तास जातात, हवा वाईट असेल तर रात्र जाते. वाट चुकलेल्याला, पाय मोडून बसलेल्याला हे यंत्र वाचवतं. वाहत्या गार पाण्यात पडलेल्याला ते वाचवू शकत नाही, आणि पाचांतले तिघे पाण्यात गेले.

पाण्याविषयी जरा थांबून सांगायला हवं, कारण आपल्या डोक्यातली नदी कोमट असते. आपण भाद्रपदातल्या पुराला भितो. रॉकीतल्या नद्यांना पूर येतो मे-जूनमध्ये, ऐन कोरड्या निळ्या आकाशाखाली, कारण वरचा बर्फ वितळतो. जून २०१७ मध्ये तीन मृत्यू झाले, त्यांतले दोन नदीत. दिवसभराच्या उन्हाने सुटलेलं पाणी खाली यायला वेळ घेतं, म्हणून सकाळी गुडघाभर असलेला ओढा परतीच्या वेळी मांडीपर्यंत चढलेला असतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा धक्का चौपट होतो. आणि गारठा. कॅनडातले गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी बर्फगार पाण्यात स्वतः उतरून यावर संशोधन केलं आहे. त्यांनी रूढ केलेला एक, दहा, एक हा हिशेब पाठ करण्यासारखा आहे. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात राहत नाही. माणूस धापा टाकतो आणि तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्यातच बुडतो. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय उपयोगाचे राहतात. मग बोटं दोरी धरेनाशी होतात, पट्टा सुटेनासा होतो. शुद्ध हरपायला तासभर लागतो, पण तरंगत ठेवणारं जाकीट अंगात नसेल तर तो तास मिळतच नाही. पट्टीचा पोहणारा असणं पहिल्या मिनिटात कामाला येत नाही. बाकीचे धोके चटकन सांगून पुढे जातो. जुलै-ऑगस्टमध्ये रॉकीत दुपारी विजा पडतात, म्हणून उघड्या धारेवरून दुपारच्या आत खाली यावं. यलोस्टोनमध्ये अस्वल आणि लांडगे यांच्यापासून किमान शंभर यार्ड, म्हणजे ९१ मीटर, लांब राहण्याचा नियम आहे. घसाऱ्यावर चढताना पाय धरतो म्हणून उतरतानाही धरेल असं समजू नये.

आता गुप्ततेचं काय करायचं? ठिकाण सांगितलं तर उकल फुटेल, न सांगितलं तर शोधणारे कुठे शोधतील? या पेचावर तोडगा अगदी घरगुती आहे. पाकीट. नकाशावर गाडी कुठे लावणार ते, चालायची दिशा आणि शेवटचं ठिकाण अशा तीन खुणा करायच्या, गाडीचा नंबर लिहायचा, अंगावरच्या जाकिटाचा रंग लिहायचा, पाकीट डिंकाने बंद करायचं आणि विश्वासाच्या माणसाच्या हाती द्यायचं. अमुक वाजेपर्यंत माझा निरोप आला नाही तर फोड. निरोप आला तर न फोडता परत घ्यायचं, उकल शाबूत. पाकिटाचा दुसरा फायदा असा, की ते लिहिताना परतीची वेळ ठरवावी लागते. ती कशी ठरवायची, याचा एक जुना आडाखा विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिला: दर पाच किलोमीटरला एक तास आणि वर दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक. हा हिशेब धडधाकट माणसाचा आणि बऱ्या वाटेचा आहे. वाट नसेल, झाडोरा असेल, आठदहा हजार फुटांवर श्वास अपुरा पडत असेल, तर आकडा दुप्पट करावा. त्यावरून मागे वळायची घटिका काढावी आणि ती पाकिटावर बाहेरून लिहावी. पेटी वीस पावलांवर दिसत असली तरी त्या वेळेला वळायचं का? वळायचं. उकल चुकलेली आहे हे गृहीत धरलेलं आहे ना, मग ती पेटी नसून तपकिरी दगड आहे.

कायद्याकडेही याच नजरेने बघता येतं. यलोस्टोनमध्ये सैन्याच्या जुन्या दफनभूमीत एकाने पेटीसाठी खड्डे खणले आणि २०२१ मध्ये त्याला सहा महिन्यांची कैद झाली. पेटी दफनभूमीत नाही असं फेन यांनी आधीच सांगून ठेवलेलं होतं, म्हणजे इथेही तेच. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. त्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. दहा रुपये! सोन्याच्या आजच्या भावात याचा अर्थ मुंगीच्या डोक्याएवढा कणही कळवायचा. आणि आपल्याकडे गुप्तधनापायी जे जीव जातात ते बहुतेकदा डोंगराने घेतलेले नसतात, मांत्रिकाच्या सांगण्यावरून घेतलेले असतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याचा उल्लेख करावा लागला, हे आपलं दुर्दैव.

ज्याला पेटी मिळाली त्या तरुणाची हकिगत या सगळ्याशी जुळते. तो वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी होता. २०१८ मध्ये त्याने भाग नक्की केला आणि पुढच्या दोन वर्षांत तिथे सुमारे २५ दिवस शोध घेतला. शेवटचा सोडला तर प्रत्येक दिवशी तो रिकाम्या हातांनी परत आला. लोकांना त्याची हुशारी दिसते. मला तो परतीचा हिशेब जास्त लक्षणीय वाटतो. पेटी मिळाल्यावरही त्याने नेमकी जागा उघड केली नाही. आतल्या वस्तू डिसेंबर २०२२ मध्ये लिलावात निघाल्या आणि सगळ्यांचे मिळून सुमारे तेरा लाख डॉलर आले.

खेळ संपलेला नाही. २०२४ मध्ये एका पुस्तकाच्या आधारे अमेरिकेत पाच नव्या पेट्यांचा शोध सुरू झाला, आणि २०२५ मध्ये फेन यांच्याच पेटीमागे वर्षानुवर्षं फिरलेल्या एका शोधकाने स्वतःचा खजिना पश्चिमेकडच्या राज्यांत लपवून स्वतःची कविता छापली. डेन्व्हर, फीनिक्स, सॉल्ट लेक सिटी इथे नोकरीला असलेली मराठी मुलं शनिवार-रविवारी याच डोंगरांत असतात, आणि कोडं सोडवण्याची हौस असलेल्यांची आपल्यात कधी वाण नव्हती. तेव्हा पाकिटाबद्दल एक तपशील, जो अशा घरांत माहीत असायला हवा. पाकीट पुण्यातल्या किंवा नाशिकातल्या आईकडे असेल, तर मुदत टळल्यावर तिने ९११ फिरवून उपयोग नाही. हा अमेरिकेतला आपत्कालीन क्रमांक भारतातून तिथे लागत नाही, आणि अमेरिकेतल्याच दुसऱ्या राज्यातून लावला तर तो लावणाऱ्याच्या गावच्या केंद्राला जाऊन मिळतो. तिथे हरवलेल्यांच्या शोधाचं काम बहुतेक ठिकाणी त्या त्या काउंटीच्या शेरिफकडे असतं, न्यू मेक्सिकोत राज्य पोलिसांकडे, आणि यलोस्टोनसारख्या उद्यानात रेंजरांकडे. म्हणून ज्या काउंटीत गाडी लावणार तिथल्या कार्यालयाचा साधा दहा आकडी नंबर, पुढे अधिक एक लावून, पाकिटाच्या बाहेरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि त्याखाली वेळ दोन्हीकडची: उन्हाळ्यात डेन्व्हरचे रात्रीचे आठ म्हणजे इथले दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात.